विमान जाईपर्यंत

माझ्या हत्यारांना कुणी हात लावलेला मला आजही खपत नाही. पटाशीनं रंगाचा डबा उघडणारा माणूस माझ्या मनातून उतरतो तो कायमचा. पेच फिरवायच्या डिस्मिसच्या मुठीवर हातोडी हाणणाऱ्याबरोबर मी चहासुद्धा घेत नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बायकोनं माझ्या चांगल्यातल्या पटाशीनं गुळाची ढेप फोडली, तेव्हा मी एवढा आरडाओरडा केला की शेजारच्या काकू घरात काय फुटलं ते बघायला धावत आल्या. बायको शांतपणे म्हणाली, "काय नाय काकू, गूळ फुटला." काकू गुळाचा खडा तोंडात टाकून हसत परत गेल्या आणि मी धार गेलेली पटाशी घेऊन बसलो.

आम्ही अंधेरी पूर्वेला राहायचो, विमानतळाच्या कुंपणाला जवळजवळ लागून. दुमजली चाळ, तळमजल्यावर आमची एक खोली. दार पुढे गल्लीत, आणि एकुलती एक खिडकी मागे, धावपट्टीच्या बाजूला. ऐंशीनंतर सहारचं नवं टर्मिनल सुरू झालं आणि विमानं वाढतच गेली. मोठं विमान डोक्यावरून गेलं की मांडणीतली ताटं वाजायची आणि बोलणारा माणूस बोलता बोलता थांबायचा. हे आमच्याकडचं वळण होतं. वाक्याच्या मध्येच थांबायचं, हात थोडा वर धरायचा, विमान गेलं की हात खाली आणि पुढचा शब्द. विमानावर आवाज चढवून बोलणारा माणूस पाहुणा आहे, हे ताबडतोब कळायचं. सत्यनारायणाला आलेले गुरुजी मंत्राच्या मध्ये हात वर करून थांबत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

बायको मालवणकडची. नवी होती तेव्हा तीही विमानाशी स्पर्धा करायची, घसा बसवून घ्यायची. पण शिकली, आणि अशी शिकली की चाळीत तिचा हात कुणी धरेना. मध्ये कितीही वेळ जाऊ दे, ज्या शब्दावर थांबली त्याच्या पुढच्याच शब्दापासून ती सुरू करायची. आम्हा बाकीच्यांना "काय बरं सांगत होतो?" असं डोकं खाजवावं लागे, तिला कधीच नाही. एकदा आमचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. "तुमच्या आईनं" एवढं ती म्हणाली आणि वर जंबो आलं. तिचा हात वर, माझे डोळे वटारलेले. आता आईचा उद्धार होणार म्हणून मी मनात उत्तराची जुळवाजुळव केली. विमान गेलं, हात खाली आला, आणि ती म्हणाली, "दिलेली कोकमं संपली, आता आमटीत काय घालू?" भांडण तिथंच संपलं. माझ्याशी ती सरळ मुंबईचं बोलायची. लाडात आली किंवा चिडली की मात्र मालवणीवर यायची, आणि त्या दोन्हींत फरक ओळखायला मला बरीच वर्षं लागली.

तिचं हृदय कमजोर होतं. लहानपणी सांधे धरून ताप यायचा, त्यानं हृदयाची झडप खराब केली होती. ते आम्हाला लग्नानंतर कळलं, मूल होऊ देऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा. मी सांगतोय त्या वर्षी पावसाळ्यात तिचे पाय सुजायला लागले. नळावरून हंडा आणायचा म्हटला तरी वाटेत भिंतीला टेकून उभी राहायची. पार्ल्याच्या डॉक्टरांनी औषधं बदलली आणि म्हणाले, "हिला झोप पाहिजे. सलग झोप. दचकून उठणं हिला परवडणारं नाही." मी त्यांना आमचा पत्ता सांगितला. ते चष्मा पुसत राहिले. आमच्या डोक्यावरून मोठी विमानं रात्रीच जास्त जायची. प्रत्येक विमानाला ती छातीवर हात दाबून उठून बसायची, आणि मला जाग आलीय हे दिसलं की "निजा हो" म्हणायची.

मी तेव्हा एका ठेकेदाराकडे सुतार होतो. विमानतळाजवळच्या एका मोठ्या हॉटेलात खिडक्यांची देखभाल आमच्याकडे होती. तिथल्या खिडक्यांना दुहेरी काचा होत्या. दोन काचा, मध्ये बोटभर पोकळी, कडेनं पोकळ पट्टी आणि रबरासारखं चिकट लुकण, असा एकच बंद नग. तिथल्या कुठल्याही खोलीत जाऊन दार ओढून घेतलं की समोरून विमान चढताना दिसायचं, पण आवाज म्हणाल तर शेजारच्या घरात कुणी पिठाची गिरणी लावलीय एवढाच. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला राग आला. एका रात्रीसाठी आलेल्या पाहुण्याची झोप मोडू नये म्हणून एवढा बंदोबस्त, आणि माझी बायको कुंपणाच्या या बाजूला बसून रात्र काढतेय.

मुंबईच्या हवेत ते नग टिकायचे नाहीत. कडेचं लुकण सुटायचं, दमट हवा आत शिरायची आणि काचांना आतून घाम यायचा. तो पुसता येत नाही. मग सगळा नग काढून नवा बसवायचा. असाच एक घामेजलेला नग काढून आम्ही मागच्या जिन्याखाली ठेवला होता. मी तिथल्या साहेबांना विचारलं, हा नेऊ का? ते म्हणाले, "त्याचा आता काय उपयोग? ने." मी आणि शेजारच्या काकूंचा नवरा, आम्ही दोघांनी तो गोधडीत गुंडाळून हातगाडीवरून घरी आणला.

बायको उंबऱ्यात बसली होती. "आता ह्या काय हाडलात घरात?"

"तुझी झोप," मी म्हणालो.

तिनं काचेकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. "खिडकी एवढी नि झोप एवढी मोठी? मावायची कशी?"

तिचं बरोबर होतं. नग आमच्या खिडकीपेक्षा मोठा होता, आणि बंद नग कापता येत नाही. तो आधी उकलायचा, दोन्ही काचा वेगळ्या करून कापायच्या, पट्टी कापायची, सगळं कोरडं करून पुन्हा चिकटवायचं. असलं काम मी कधी केलेलं नव्हतं, आणि माझ्या ओळखीत दुसऱ्या कुणीही नव्हतं. नवरात्र तोंडावर आलं होतं. दिवाळीच्या आत ही खिडकी बसली पाहिजे, असं मी ठरवलं. खरं सांगायचं तर दिवाळीशी मला काही देणंघेणं नव्हतं. तिच्या ओठांचा रंग मला आवडत नव्हता.

रविवारी सकाळी मागच्या मोकळ्या जागेत गोणपाट पसरलं आणि सगळी हत्यारं त्यावर मांडली. कुठल्याही कामाआधी मी हे करतो. लोकांना वाटतं हत्यारं जमवायची असतात. चांगला कारागीर हत्यारं वगळत जातो. बायको भिंतीला पाठ टेकून उन्हात बसली होती, आणि मी बाजूला टाकलेल्या प्रत्येक हत्याराची तिला कीव येत होती.

"हातोडीनं काय केलं तुमचं?"

"काचेपाशी लोखंड नको. लाकडी मोगरी घ्यायची, तीसुद्धा हलकी."

"नि डिस्मिस?"

डिस्मिसवर तर मी भाषणच दिलं. काचेच्या कडेची लाकडी पट्टी डिस्मिसनं उचकटणारे शेकड्यानं आहेत. डिस्मिस एकाच जागी जोर देतो, पट्टी निघते आणि बरोबर काचेचा कोपराही उडतो. तिथं रुंद पातं पाहिजे, म्हणजे जोर वाटला जातो. टेपही बाजूला ठेवली, कारण चौकट काटकोनात आहे का हे बघायला साधी काठी बरी. या कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत काठी धरून खूण करायची, मग तीच काठी उलट्या कोपऱ्यांना लावायची. टेप वाचताना माणूस चुकतो, काठी चुकत नाही. काच कापायचा हिरा रॉकेलच्या वाटीत बुडवून ठेवला. हिरा एकदाच ओढायचा. मनात शंका आली म्हणून दुसऱ्यांदा त्याच रेघेवर ओढला की काच मन मानेल तिथं फुटते.

"एवढी हत्यारं," ती म्हणाली, "नि मी अख्खं घर एका विळीवर चालवते."

एवढं सगळं निवडूनही खरं हत्यार माझ्याकडे नव्हतं. दोन काचांच्या मधलं लुकण कापायला पातळ, लवचीक आणि लांब पातं हवं होतं. लुकणाची पाती जाड पडली. करवतीचं पातं दातांनी काचेवर ओरखडे काढू लागलं. दाढीचं ब्लेड तर पहिल्याच जोरात मोडलं. मी चिडून आत पाणी प्यायला गेलो, आणि बिडाच्या तव्याशेजारी तिचं उलथनं दिसलं. तिच्या आईनं दिलेलं, तांदळाचे घावणे काढून काढून कागदासारखं झिजलेलं. बोटानं वाकवलं तर वाकलं, सोडलं तर सरळ झालं.

मी ते घेऊन बाहेर आलो तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. "पटाशीन गूळ फोडलंय तर अख्खी चाळ गोळा केल्यात! आता माझ्या उलथन्याक हात कित्याक लावतास?"

मी कान धरले. ती खूप दिवसांनी हसली, हसता हसता तिला धाप लागली, तरी हसत राहिली. मग म्हणाली, "हळू. घावणो काढतास तसा. आधी सगळी कड सोडवा, मधी घुसू नकात." मी तसंच केलं. चारही बाजूंनी थोडं थोडं आत जात, पुन्हा फिरून येत. काच एकदाही कुरकुरली नाही. दुपारपर्यंत दोन्ही काचा अलग होऊन भिंतीला टेकल्या होत्या.

कडेच्या पोकळ पट्टीतून पांढरे दाणे निघाले, ओल शोषून घेणारे. आता ते स्वतःच ओले झाले होते. ती म्हणाली, "साबुदाणा दिसतोय. भाजून बघू?" मी गंमत समजलो, पण तिनं खरंच तवा ठेवला आणि स्टोव्हपाशी बसून मंद आचेवर ते परतत राहिली, सारखे हलवत, करपू न देता. त्या दिवसांत तिला भाजी परतायलाही मी बसू देत नव्हतो. त्या दिवशी दिलं. तिच्या झोपेच्या कामात तिचाही हात लागावा, असं वाटलं मला.

अष्टमीला संध्याकाळपर्यंत नग जुळला. काचा कापल्या होत्या, दाणे भरले होते, नवं लुकण लावलं होतं. ते सुकायला रात्र जाणार होती. सकाळी उठल्याबरोबर बसवायचा म्हणून मी खिडकीची जुनी झडपं त्याच संध्याकाळी काढून टाकली, चौकट पटाशीनं साफ केली आणि भोकावर चादर टांगली.

सकाळी उठून बघतो तर माझी सगळी हत्यारं पाटावर. खंडेनवमी होती. दरवर्षी ही पूजा ती करायची. मी फक्त नारळ फोडायला. तिनं बसल्या बसल्या एकेक हत्यार पुसलं होतं, हळदकुंकू लावलं होतं, झेंडूची फुलं वाहिली होती. हिरा, मोगरी, पाती, काठीसुद्धा. आणि सगळ्यांच्या मधोमध उलथनं.

आमच्याकडे नवमीला पुजलेलं हत्यार दसऱ्याला सोनं लुटून आल्याशिवाय उचलत नाहीत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मी भडकलो. म्हणालो, "डॉक्टर म्हणतो झोप, तू म्हणतेस पूजा! भिंतीला भोक पडलंय, दिसत नाही? मी उचलणार."

तिनं माझा हात धरला. तिची बोटं गार होती. "वर्षभर राबतात ती. एक दिवस त्यांना निजू द्या. मी काय, उद्या निजेन."

दुसऱ्या कुणाचं मी ऐकलं नसतं. तिचं ऐकलं. त्या पूजेचा मला पुढे अनेक वर्षं राग आला, देवाचा आला, पंचांगाचा आला. तिचा कधी आला नाही. तिला माझ्या हत्यारांविषयी जेवढं वाटत होतं तेवढं मलासुद्धा वाटत नव्हतं.

दसऱ्याच्या दुपारी ती पलंगावर उशीला टेकून बसली होती. काकू श्रीखंडाची वाटी ठेवून गेल्या होत्या. चादर वाऱ्यानं आत फुगत होती आणि खिडकीखाली नवा नग भिंतीला टेकून उभा होता, सुकून तयार. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. काच इतकी स्वच्छ निघाली होती की मलाच माझं कौतुक वाटत होतं. संध्याकाळी सोनं देऊन आलो की तासाभरात बसवतो, असं मी तिला सांगत होतो.

ती म्हणाली, "काच बसवतास तेव्हा एक करा हां,"

आणि विमान आलं. खिडकीला झडपं नव्हती, त्यामुळे ते खोलीतच शिरल्यासारखं झालं. तिनं नेहमीसारखा हात वर धरला. मीही थांबलो. ताटं वाजली, चादर थरथरली. तिचे डोळे माझ्याकडे होते. आवाज लांब गेला, हात खाली आला, आणि ती काही बोलली नाही.

मी वाट बघितली. तिला आठवत नाही असं कधी झालं नव्हतं, म्हणून मी वाट बघितली. मग विचारलं, "काय करू?" पुन्हा विचारलं. मग मी ओरडलो, आणि काकू धावत आल्या, घरात काय झालं ते बघायला.

पुढचं मला नीट आठवत नाही आणि आठवायचंही नाही. घरात सुतक, तेव्हा पाटावरची हत्यारं तशीच राहिली. झेंडू वाळला, कुंकू पात्यांवर घट्ट बसलं. गावाहून तिचे भाऊ आले, गेले. कुणीतरी म्हणालं, त्या भोकावर आता फळ्या तरी मार. मी म्हणालो, खिडकी तयार आहे.

तेराव्यानंतर मी पाट उचलला. उलथन्यावरचं कुंकू मी पुसलं नाही. नग बसवायचं काम तसं लहान. तळाशी दोन लाकडी ठोकळे, काच चौकटीला थेट टेकू नये म्हणून. त्यावर नग उभा करायचा, चारी बाजूंनी फट सारखी आहे का बघायची, मग काच धरून ठेवणाऱ्या चार लाकडी पट्ट्या. वरची बसवली, खालची बसवली, डावी बसवली. प्रत्येक पट्टी मोगरीनं हळू ठोकली. उजवी हातात घेतली आणि हात थांबला.

तिला काय सांगायचं होतं? आकाशकंदिलासाठी वर एक खिळा ठेवा, असं असेल. मासेवालीची हाक ऐकू यावी म्हणून थोडी फट ठेवा, असं असेल. बसवताना शेजाऱ्यांवर ओरडू नका, असंही असेल. ती मला ओळखत होती. चौकटीत पहिली हळद लावा, काचेला पाठ लावून फोटो काढू, माझ्या आईला कळवा. मी दिवसभर पट्टी हातात घेऊन बसलो. चांगला सुतार काम अर्धं सोडत नाही. शेवटी ती पट्टी मी नुसती दाबून बसवली, ठोकली नाही.

संध्याकाळी विमान आलं. काचेतून ते कुंपणावरून चढताना स्पष्ट दिसलं, आणि खोलीत फक्त बारीक घरघर आली. ताटं वाजली नाहीत. त्या खोलीत पहिल्यांदाच विमान जात असताना माणसाला बोलता आलं असतं, आणि माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं. मी पलंगाच्या कडेला बसून खूप रडलो. एवढी शांतता मी तिच्यासाठी केली होती आणि ती एकट्या माझ्या वाट्याला आली.

नंतर ती खोली सोडून मी बोरिवलीला आलो. खिडक्यांचीच कामं करत राहिलो. उलथनं माझ्या पिशवीत असतं, आणि दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला मला खपत नाही. काम कुठलंही असो, तीन पट्ट्या मी भरभर ठोकतो. चौथी हातात घेतली की माझा हात आपोआप वर जातो आणि मी थांबतो. बरोबरची माणसं विचारतात, काय झालं मिस्त्री?

बोरिवलीत आमच्या डोक्यावरून विमानं जात नाहीत. तरी मी म्हणतो, "काही नाही. विमान जाऊ दे."